बोटीवरचे बिऱ्हाड

परळच्या भोईवाड्यातून समुद्र दिसत नाही. पूर्वेस नायगाव-वडाळ्याची दाट वस्ती व तिच्यापलीकडे शिवडीची खाजणे, पश्चिमेस गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले काचेचे मनोरे, आणि मध्यभागी केईएम, वाडिया व टाटा या इस्पितळांत येणाऱ्या-जाणाऱ्यांची अखंड वर्दळ, अशा वेढ्यात हा मोहल्ला सापडल्यामुळे त्याच्या रहिवाशांचा दर्याशी काही ऋणानुबंध असेल, अशी शंकाही परक्या माणसाला येणार नाही. तथापि गिरणगावातील कोणत्याही जुन्या बिऱ्हाडाची हकीकत दोन-तीन पिढ्या मागे नेली, की ती बहुधा भाऊच्या धक्क्यावर जाऊन पोचते. आजचा सिंधुदुर्ग ज्यात मोडत असे त्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातून जी माणसे गिरण्यांत रुजू होण्याकरिता मुंबईस आली, त्यांच्यापैकी असंख्यांनी या शहराचे पहिले दर्शन घेतले ते आगबोटीच्या कठड्यावरून. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची मालिका भोईवाड्यातल्या वृद्धांना स्थानकांच्या नावांसारखी मुखोद्गत असे.

त्या वृद्धांची नातवंडे आता पुन्हा बोटीवर चढू लागली आहेत; मात्र त्यांचा रस्ता भाऊच्या धक्क्याकडे न जाता बॅलार्ड पिअरकडे जातो, आणि प्रयोजन चाकरी नसून सुट्टी हे असते. समुद्रपर्यटन म्हणजे काही दिवस पाण्यावर बिऱ्हाड करणे, ही गोष्ट तिकीट काढताना बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बोटीकडे ते तरंगते हॉटेल म्हणून पाहतात, आणि हॉटेलात उतरावे तसे तिच्यात उतरून हॉटेल सोडावे तशी तिला सोडतात. माझ्या मते या प्रवासातील निम्मा आनंद त्यामुळे हातचा जातो. बोटीवर कसे चढावे, तिथे कसे स्थिरस्थावर व्हावे आणि त्या अवधीत कशाकडे लक्ष द्यावे, याविषयी चार गोष्टी सांगण्याचा हेतू धरून हे लिहीत आहे.

प्रथम बंदराविषयी. १८७३ साली मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, आणि त्या ट्रस्टच्या आरंभीच्या कारभाराशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या कर्नल बॅलार्ड यांच्या नावाने हा धक्का व त्याच्या पाठीमागची इमारतींची देखणी वसाहत ओळखली जाते. विमानांचा जमाना येईपर्यंत विलायतेचा दरवाजा तो हाच. पेशावरकडे धावणारी फ्रंटियर मेल या धक्क्यालगतच्या स्थानकावरून सुटत असे, आणि विलायतेहून उतरलेला गोरा अंमलदार येथूनच थेट डब्यात चढत असे. पहिल्या गोलमेज परिषदेकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० रोजी मुंबईहून ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने निघाले, तेव्हा परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांशी त्यांचा अनेक वर्षांचा संबंध होता. भोईवाड्यापासून ती चाळ हाकेच्या अंतरावर आहे. पुढील वर्षी २९ ऑगस्टला गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने दुसऱ्या परिषदेस गेले, तेही याच बंदरातून. ज्या पाण्यावरून आपण मौजेखातर निघतो त्या पाण्याचा हा पूर्वेतिहास प्रवाशाला ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते.

अलीकडचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. २०१६च्या डिसेंबरात इटलीच्या कोस्टा कंपनीची बोट मुंबईहून मालदीवच्या सफरी करू लागली. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आली, जिचे नाव सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या कुळाची आठवण देणारे होते. २०१९मध्ये ‘कर्णिका’ आली आणि महासाथीच्या वर्षात तिची रवानगी अलंगच्या भंगारवाड्यात झाली. ‘आंग्रिया’ही त्याच वर्षी थांबली. सप्टेंबर २०२१पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट गोवा, कोची, लक्षद्वीप या दिशांना जाऊ लागली. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेल्या या बोटीची लांबी दोनशे मीटरांहून अधिक असून तिच्यात आठशेच्या आसपास खोल्या आहेत. २०२५च्या सप्टेंबरात बॅलार्ड पिअरवरील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाकाठी दहा लाख प्रवाशांची सोय होईल अशा अंदाजाने ते बांधलेले असून तपासणीच्या व पारपत्राच्या मिळून ७२ खिडक्यांची तिथे तजवीज आहे.

आता प्रत्यक्ष निघण्याविषयी. हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असल्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरची पर्यटनबोट या दिवसांत दुसरीकडे वळवतात, आणि कोकणच्या लांब पल्ल्याच्या जुन्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत. देशांतर्गत सफरीस पारपत्र लागत नाही, सरकारी ओळखपत्राची मूळ प्रत मात्र लागते. लक्षद्वीपास उतरायचे असल्यास तेथील प्रशासनाचा प्रवेश-परवाना आवश्यक असून तो बहुधा बोटकंपनी मिळवून देते, तरी तो मिळाला की नाही हे आपण विचारून घ्यावे. मोठ्या पेट्यांना चिठ्ठ्या लावून त्या धक्क्यावरच हमालांच्या स्वाधीन कराव्या लागतात आणि त्या खोलीच्या दाराशी येईपर्यंत कित्येकदा संध्याकाळ उलटते. म्हणून औषधे, चष्मा, मुलांचे कपडे, एक शाल आणि सर्व कागदपत्रे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती अशा वस्तू तपासणीत काढून घेतात. त्यावर रागावू नये. समुद्रात बोटीला पाण्यापेक्षाही आगीचे भय अधिक असते.

खोली कोणती घ्यावी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचे उत्तर आपल्या वडीलधाऱ्यांना पुस्तकाविना माहीत होते. तिसऱ्या वर्गाचे उतारू डेकवर वळकटी पसरत असत, आणि जाणता माणूस बोटीवर पाय ठेवल्याबरोबर टोकाकडे न धावता मध्यभागी, शक्य तर खालच्या बाजूस, वारा अडेल अशी जागा धरी. तिथे पथारी टाकली की जागेची मालकी सिद्ध होई, आणि मग शेजारच्या पथारीवाल्याशी गावाची व भावकीची ओळख निघे. बोट लाटेवर झुलते तेव्हा तिची दोन्ही टोके सर्वाधिक वरखाली होतात आणि मजला जितका उंच तितका हेलकावा मोठा. मध्यभाग व खालचे मजले त्या मानाने शांत असतात. आजच्या बोटींना पाण्याखाली दोन्ही अंगांस पोलादी पंख बसवलेले असतात व त्यांच्या योगाने आडवे डुलणे पुष्कळ कमी होते, तरी मूळ नियम बदललेला नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या भागातील खालच्या मजल्यावरची खोली मागावी. सज्जा असलेली खोली महाग पडते आणि ती ज्याला परवडते त्याने अवश्य घ्यावी. परंतु खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत राहणाऱ्यालाही सारा डेक खुलाच असतो, हे विसरून मन खट्टू करण्याचे कारण नाही. आत झोपावे, बाहेर राहावे.

चढताना जे एक कार्ड हाती मिळते तेच खोलीची किल्ली, तेच ओळखीचा दाखला आणि तेच खर्चाचे खाते. तिकिटात राहणे व ठरावीक भोजनगृहांतील जेवण समाविष्ट असते. खास भोजनगृहे, पेये, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली आणि पुष्कळदा सेवाशुल्क हे निराळे आकारले जाते, व बंदर-आकार आणि कर तिकिटाच्या छापील दरात धरले आहेत की नाहीत तेही पाहावे लागते. अखेरच्या रात्री एकदम हिशेब आला म्हणजे हबकून जाणारी कुटुंबे पुष्कळ. रोज एकदा खाते पाहून घेतल्यास तो प्रसंग टळतो. किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते, आणि बोटीचे स्वतःचे महागडे जाळे फोन आपण होऊन पकडण्याचा संभव असतो, सबब फोन विमान-अवस्थेत ठेवणे इष्ट.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी प्रत्येक प्रवाशाला आपल्या नेमलेल्या जमण्याच्या जागी जाऊन जीवरक्षक जाकीट कसे घालावे हे शिकावे लागते. लोक कंटाळतात, कोणी न्हाणीघरात दडून बसतात, कोणी मुलांना धाडून स्वतः खोलीत पडून राहतात. ‘टायटॅनिक’ १९१२ साली बुडाली, आणि १९१४ साली लंडनला राष्ट्रांनी एकत्र येऊन समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला करार केला; १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत व्हायची राहिली होती, आणि म्हणून ती सुटण्याआधी अथवा सुटताच झाली पाहिजे असा नियम १ जानेवारी २०१५पासून अमलात आला.

परंतु आपल्याला दाखला शोधण्यासाठी इटलीपर्यंत जाण्याची गरज नाही. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ लाटेच्या तडाख्याने कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ज्या कंपनीला किनाऱ्यावरची जनता आपलेपणाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत असे, तिचीच ही बोट होती. बोटीवर बिनतारी यंत्र नसल्यामुळे मुंबईला वार्ता कळायला दिवस कलला. जे थोडके वाचले त्यांतील पुष्कळांना मासेमारीस गेलेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. मृतांत गिरगाव व परळ भागातील पुष्कळ जण होते आणि आमच्या बाजूच्या चाळींतून त्या अमावास्येची आठवण अजून काढली जाते. सात वेळा आखूड आणि एकदा लांब असा भोंगा वाजला की जाकीट घेऊन नेमल्या जागी जायचे, एवढेच बोटीवरच्या कवायतीत शिकायचे असते. ज्या कुटुंबाने ‘रामदास’ची हकीकत घरात ऐकली आहे ते ही कवायत चुकवणार नाही.

बोट लागण्याविषयी दोन शब्द. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला मात्र हालचाल जाणवते. या दोन साक्षींत मेळ न बसल्यामुळे मळमळ सुटते. म्हणून अशा वेळी खोलीत पडून पुस्तक वाचणे सर्वांत वाईट, आणि डेकवर येऊन क्षितिजाकडे नजर लावणे सर्वांत चांगले. जुने उतारू लिंबू हुंगत, आल्याचा तुकडा दाढेखाली धरत; आल्याचा गुण आजचे वैद्यकही मान्य करते. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची तर ती त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. उपाशी राहू नये, तुडुंबही जेवू नये. आणि बोटीवर चार-चार ठिकाणी अन्न मांडलेले असताना हा दुसरा नियम पाळणेच अधिक कठीण जाते. निरामिष व जैन भोजनाची व्यवस्था आपल्या बोटींवर चांगली असते, आणि भात-आमटीवाचून ज्यांचे चालत नाही त्यांचीही आबाळ होत नाही.

मला ज्यांच्याविषयी विशेष सांगायचे आहे ते लोक म्हणजे बोटीवर राबणारे. खोली आवरणारा, ताट वाढणारा, दोर सांभाळणारा, यंत्रगृहात उष्म्यात उभा राहणारा असा शेकड्यांचा समाज आपल्या पायाखाली रात्रंदिवस जागा असतो, आणि तो सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर घर सोडून आलेला असतो. या धंद्याशी कोकण व गोव्याचे नाते फार जुने आहे. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकची कामे रत्नागिरीकडच्या खलाशांनी करावीत आणि भोजनगृहाची चाकरी गोवेकरांनी सांभाळावी, असा प्रघात पिढ्यान्‌पिढ्या चालला; सारंगाच्या हाताखाली टंडेल, टंडेलाच्या हाताखाली खलाशी, अशी उतरंड असे, आणि नव्या पोराला बोटीवर चढवणारा सारंग हा बहुधा त्याच्याच गावचा असे. धोबीतलावाच्या परिसरात गोव्याच्या गावागावांचे जे ‘कूड’ आहेत, तिथे दोन बोटींच्या मधले दिवस काढणारे खलाशी एका छपराखाली राहत. आमच्या गिरणगावातील गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांचे आणि या कुडांचे मूळ एकाच गरजेत आहे. म्हणून बोटीवर गेल्यावर आपल्या खोलीची देखभाल करणाऱ्याचे नाव विचारावे, त्याला नावाने हाक मारावी, गाव विचारावे. पुष्कळदा तो आपल्या मुलुखाच्या शेजारचा निघतो, आणि मग नकाशावर नसलेल्या गोष्टी, कोणत्या मजल्याच्या कोणत्या कोपऱ्यात पहाटे वारा सुखद असतो इथपर्यंत, तो आपण होऊन सांगतो. बिऱ्हाड खऱ्या अर्थाने लागते ते या ओळखीनंतर.

बोटीवरचा गोड्या पाण्याचा प्रत्येक थेंब मोजका असतो. समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याची यंत्रे अहोरात्र चालतात, तेव्हा नळ सोडून ठेवू नये. प्लॅस्टिकची कोणतीही वस्तू कठड्यावरून टाकणे हा आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा आहे. समुद्राला नारळ देणाऱ्या आपल्या समाजाला तरी हे सांगावे लागू नये.

आणि आता ज्यासाठी बोटीवर चढायचे ती गोष्ट. दोर सुटतात, लहान टगबोटी त्या प्रचंड देहाला धक्क्यापासून हळूच दूर सारतात, बंदराचा वाटाड्या कप्तानाशेजारी उभा राहून खाडीतील वाट दाखवतो आणि बाहेर मोकळ्या पाण्यात आल्यावर दोराच्या शिडीने आपल्या चिमुकल्या नावेत उतरून परततो. हा सोहळा संध्याकाळी चालतो आणि त्याच वेळी आत पेट्या लावण्यात माणसे गुंतलेली असतात. पेट्या राहू द्याव्यात. गेटवे, कुलाबा, प्राँग्जचा दीपस्तंभ, आणि डाव्या अंगाला दूरवर खांदेरी-उंदेरी यांचे दर्शन घ्यायला सारे बिऱ्हाड कठड्याशी उभे असावे.

परंतु इथेच माझी तक्रारही आहे. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांतील खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग मुंबई-गोवा या एकाच जलमार्गाच्या कडेला आहेत. समुद्राकडून पाहिल्याशिवाय जलदुर्गाचा अर्थ कळत नाही. तट कुठे तोफेला वाकला आहे, दरवाजा कुणाच्या नजरेआड ठेवला आहे, खाडीचे मुख कसे दाबून धरले आहे, हे किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला उमगत नाही. आणि आजची पर्यटनबोट संध्याकाळी सुटून रात्रभर किनाऱ्यापासून दूर चालते, त्यामुळे हर्णे, जयगड, विजयदुर्ग ही सारी बंदरे अंधारात निघून जातात व प्रवासी त्या वेळी नाट्यगृहात नाच पाहत असतात. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा किनारा ओलांडूनही त्यांच्या पदरी काहीच पडत नाही. जुनी आगबोट गरिबीची होती, तिच्यात गर्दी होती, बंदराबाहेर थांबून पडावातून उतरताना जीव मुठीत धरावा लागे. तरी ती प्रत्येक बंदराला तोंड दाखवून जात होती. रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि प्रवासी आगबोट त्याआधीच लयास गेली होती. वाहतुकीसाठी तिची उणीव आता भासत नाही. दर्शनासाठी मात्र ती भासते.

मोठ्या बोटी गाळाने उथळ झालेल्या खाड्यांत शिरू शकत नाहीत, ही अडचण खरी आहे. परंतु जयगड व विजयदुर्ग ही खोल पाण्याची बंदरे आहेत. आणि लक्षद्वीपात अगत्तीजवळ मोठी बोट बाहेर उभी करून प्रवाशांना लहान नावांतून बेटावर नेतात, तसे मालवणासमोर किंवा हर्णेसमोर करणे अशक्य नाही. दोन-तीनशे माणसांची, दिवसा चालणारी, रात्री बंदरात नांगर टाकणारी, स्थानिक पडाववाल्यांना काम देणारी आणि प्रत्येक मुक्कामी एक जलदुर्ग दाखवणारी बोट, हिवाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईहून वेंगुर्ल्यापर्यंत निघावी, एवढी मागणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करण्यासारखी आहे. जे वाचक येत्या हंगामात बॅलार्ड पिअरवरून निघतील त्यांनी परतल्यावर अभिप्रायाचा कागद भरताना जेवणाखाण्याच्या जोडीने हीही एक ओळ लिहावी, आणि त्याची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात पाठवावी.